टायरातली रांगोळी

पोवारमामांनी मला विचारलेला पहिला प्रश्न माझ्या वजनाचा होता. भर रस्त्यात, शिवाजी पेठेत, चार माणसं ऐकत असताना. मी अठ्ठावन्न वर्षांची, तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. हातात डॉक्टरांच्या आग्रहाखातर घेतलेली गिअरची नवी सायकल, मागच्या चाकातली हवा पूर्ण गेलेली. आणि दुकानात पाटावर बसलेला हा माणूस मान वर न करता विचारतो, “वजन किती?”

“सायकलचं?”

“सायकलचं मला कळतंय की. तुमचं.”

मी तशीच वळून निघणार होते. पण ऊन मी म्हणत होतं आणि शाहूपुरीतल्या घरापर्यंत सायकल ढकलत न्यायची माझी तयारी नव्हती. मग मी चार किलो कमी करून वजन सांगितलं. मामांनी तेव्हा कुठे मान वर केली, मला एकदा नीट पाहिलं आणि स्वतःशीच पण मोठ्यांदा ते चार किलो परत मिळवले. माझ्या वर्गातल्या एकाही पोराला इतकी अचूक बेरीज जमली नव्हती.

कृष्णात पोवार तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की भरून जाणारी खोली, मागे पडदा आणि पडद्याआड राहतं घर. भिंतीवर खिळ्यांना ट्यूबा टांगलेल्या. त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती. बोलणं रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल इतकं मोठं होतं, त्यामुळे पाटीची गरजही नव्हती.

वजनाच्या प्रश्नामागचं कारण मला नंतर समजलं. टायरवर आकडा छापलेला असतो, तो वाचून कुणीही ट्यूब देऊ शकतं. मामांना तेवढ्यावर भागत नसे. बसणारा केवढा, कॅरिअरवर काय नेणार, रस्ता डांबरी की खडीचा, सायकल रोज चालणार की दाराशी उभी राहणार, हे सगळं विचारल्याशिवाय ते खिळ्यावरची ट्यूब काढत नसत. मोठी ट्यूब बारीक टायरात कोंबली की तिला घडी पडते आणि घडीवरच ती फाटते. लहान ट्यूब मोठ्या टायरात ताणली की पातळ होते. गिऱ्हाईक घाईत असेल तर मामा आणखी सावकाश विचारत. हा त्यांचा निव्वळ खोडसाळपणा होता.

माझ्या सायकलची अडचण वेगळी होती. व्हॉल्वला मामा ‘वाल’ म्हणत आणि त्यांच्या हिशेबी वाल तीन जातींचे. एक आपला जुना साधा, आत रबराची नळी घातलेला. दुसरा मोटारसायकलसारखा जाड. तिसरा काडीएवढा बारीक, ज्याचं डोकं फिरवून सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही. माझा तिसऱ्या जातीचा. त्याच्यासाठी रिमला भोकही बारीकच असतं. माझी ट्यूब नेमकी व्हॉल्वच्या मुळाशी फाटली होती, म्हणजे ठिगळ लावायचीही सोय नव्हती. आधी ज्या दुकानात गेले होते तिथल्या माणसाने ड्रिल मशीन हातात घेऊनच सांगितलं होतं की भोक मोठं करून जाड व्हॉल्वची ट्यूब घालतो, पाच मिनिटांत मोकळ्या व्हा.

हे ऐकल्यावर मामा भडकले. “भोक मोठं केलं की रिम तिथं कच्ची झाली. आणि तुमचं वजन...”

“वजनाचं झालं बोलून,” मी म्हटलं.

त्यांनी चार दिवस मागितले. पाचव्या दिवशी बारीक व्हॉल्वची ट्यूब कुठून तरी आणलीच. ती बसवताना पाहिलं आणि मी त्या दुकानाची नेहमीची झाले. आधी टायर आतून पुसायचा. ट्यूबमध्ये थोडीशीच हवा भरायची, गोल उभी राहील इतपत. मग शंखजिऱ्याची पांढरी भुकटी तिच्या अंगाला चोळायची म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही, आत सरकून आपली जागा घेते. व्हॉल्व भोकात सरळ उभा करायचा. टायर बसवायला सुरुवात व्हॉल्वच्या बरोबर समोरून, शेवट व्हॉल्वपाशी, आणि तोही अंगठ्यांनी. टायर उचकटायचा लोखंडी चमचा लावला तर ट्यूब चिमटते. शेवटी व्हॉल्व आत दाबून परत सोडायचा, मग हवा. ट्यूब कुठे गळते का हे बघायला ते ती ओठांजवळ फिरवत. मला ती त्यांची लकब वाटायची.

“माझ्याकडनं गेलेली ट्यूब काट्याबिगर परत येत न्हाय,” असं ते दिवसातून दोनदा तरी म्हणत. मी जयसिंगपूरच्या धान्याच्या पेढीवर वाढलेली, अशा बोलण्यावर माझा लगेच विश्वास बसत नाही. पण दीड वर्षात माझी ट्यूब खरोखर परत आली नाही.

आली ती गेल्या दिवाळीनंतर. वसुबारसेला मी दोन्ही चाकांना नव्या ट्यूबा घालून घेतल्या होत्या. भाऊबीजेला माहेरी जयसिंगपूरला सायकलने जायचं आणि भावाला तोंडात बोटं घालायला लावायचं, असा बेत होता. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मागच्या चाकाची हवा गेली. मी एसटीने गेले आणि भावाने जे हसायचं ते हसून घेतलं.

परत आल्यावर दुकान गाठलं. मामांनी ट्यूब काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवली. एका जागी बुडबुडे आले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सात भोकं, सगळी टाचणीच्या टोकाएवढी.

“बाभळीतनं घातलासा काय सायकल?”

“डांबरी रस्ता सोडून कुठे गेले नाही.”

“मग सात भोकं काय आपोआप पडली व्हय?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात आणखी एक गृहस्थ सायकल ढकलत आले. त्यांची ट्यूबही नवीच, मामांनीच बसवलेली. त्यांच्या पाठोपाठ एक मुलगी आली, तीच तक्रार. मामांचा चेहरा उतरला आणि आवाज चढला. त्यांनी ट्यूबा पुरवणाऱ्या एजंटला फोन लावून असं काही झापलं की समोरच्या चहावाल्याने गाळणी हातात धरून ऐकलं. मग आम्हा तिघांनाही सायकल कशी चालवावी यावर दोन शब्द सुनावले. मला सुनावलेलं मी ऐकून घेत नाही. सायकल उचलली आणि आले निघून.

रागाने मी घरी स्वतःच टायर उघडला. बघून बघून मला ते जमायला लागलं होतं. आत बोट फिरवलं तर किरकिर लागली. शंखजिरं कसं साबणासारखं गुळगुळीत असतं. हे बारीक वाळूसारखं टोचत होतं. दिवाळीच्या पहाटे जैन मंदिरात महावीरांना निर्वाणलाडू चढवून आल्यावर मी दारात रांगोळी काढली होती, तिचा स्पर्श अजून बोटांना होता. मी टायरातली चिमूट पुडीत बांधली, दुसऱ्या पुडीत घरातली अंगाला लावायची पावडर, म्हणजे शंखजिरंच, घेतली आणि विजयी मुद्रेने शिवाजी पेठेत परत गेले. खोटं कशाला सांगू, या माणसाला चूक दाखवायला मिळणार म्हणून मी खूश होते.

“मामा, तुम्ही टायरात रांगोळी घातलीय.”

“शंखजिरं हाय ते. मला शिकवू नगा, बाई. चाळीस वर्षं हात चाललाय ह्यात.”

“मग डोळे मिटा,” मी म्हटलं. पाटावर दोन बाजूंना दोन चिमटी ठेवल्या. “हात लावून सांगा कोणती काय आहे.”

त्यांनी डोळे मिटले. पहिली चिमूट अंगठा आणि तर्जनीत धरून चोळली, मग दुसरी. परत पहिली. बराच वेळ ते चोळतच राहिले. मी उत्तराची वाट बघत तोऱ्यात उभी होते.

“दोन्ही एकच लागतंय,” ते हळू आवाजात म्हणाले.

त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पडद्याआडून त्यांच्या पत्नी, धोंडुबाईमामी, बाहेर आल्या. त्यांनी फळीवरचा डबा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, “अवो, ह्यो डबा माझा हाय. रांगोळीचा. वसुबारसेला हितं ठेवलता.” रिकामा झालेला शंखजिऱ्याचाच डबा त्यांनी रांगोळीला वापरला होता. एकाला एक लागून दोन डबे, मामांनी हाताला लागला तो घेतला. तसं पाहिलं तर कुणाकडूनही व्हावी अशी चूक.

पण मामांना डब्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते आपल्या बोटांकडे बघत होते. चाळीस वर्षं सोल्युशन आणि पॉलिश पेपर, त्यात पाच वर्षांची शुगर. बोटांना कळेनासं झालं होतं आणि ते त्यांनी बायकोपासूनही लपवलं होतं. ट्यूब ओठाशी का नेत होते हे मला त्या क्षणी समजलं.

“हात गेला,” ते म्हणाले. “हात गेलेल्या माणसानं ट्यूबला शिवू नये.” आणि सकाळी अकरा वाजता त्यांनी शटर ओढलं.

मी तिथेच उभी राहिले. शिकवायच्या काळात मी कितीतरी पोरं नापास केली आणि एकदाही माझी झोप मोडली नाही. या माणसाला मात्र मी रस्त्यात उभं करून परीक्षा घेतली आणि नापास केलं. स्वतःची इतकी लाज मला फार वर्षांत वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी धोंडुबाईमामी चालत माझ्या दाराशी आल्या. चहा नको म्हणाल्या, पाणी घेतलं.

“बाई, दुकान तुमी बंद पाडलंसा. तुमीच उघडा आता.”

“मी काय करू, मामी?”

“ते मला काय म्हाईत? तुमी शिकल्याल्या. घरात बसून त्यो माणूस माझ्या भाजीत मीठ किती हे सांगाय लागलाय. चार दिवसांत माझं डोकं उठलंय.”

मी गेले. मामा खाटेवर बसून होते. समजूत घालणं मला जमत नाही, म्हणून मी हिशेबाचंच बोलले. “वसुबारसेपासून किती ट्यूबा घातल्या?”

“अकरा.”

“त्यातल्या तीनच आल्यात. उरलेल्या आठ टायरांत रांगोळी आहे, त्यातला एक माझाच. बाकीचे लोक रस्त्यात अडकणार.”

हे मात्र त्यांना सहन झालं नाही. ते उठून उभे राहिले. “जेवढ्या घातल्या तेवढ्या काढून, साफ करून देतो. त्यो माझा धरम हाय. मग शटर कायमचं खाली. परत मला हे कर ते कर म्हणाय यायचं न्हाय.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

गिऱ्हाइकांपैकी एकाचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना आठवत होती ती चाकं. “लाल सायकल, जाड वाल, पुढच्या चाकाला एक तार कमी.” “हिरवी लेडीज, साधा वाल, नट माझ्याकडचाच.” या वर्णनावरून धोंडुबाईमामी माणूस ओळखत, कारण पेठेतल्या प्रत्येकाचं घर त्यांना माहीत होतं. दोन दिवस आमची तिघांची वरात फिरली. मामा पिशवीत ट्यूबा, पंप आणि ओला फडका घेऊन पुढे, मामी घमेलं घेऊन मागे, आणि माझं काम काय तर लोकांना समजावणं. ते काम मामा मला करू देत नव्हते. दारात उभं राहून ते स्वतःच खणखणीत आवाजात सांगत, “पावणं, तुमच्या टायरात मी रांगोळी घातलीय. सायकल बाहेर काढा.” रांगोळी म्हटल्यावर निम्मी माणसं आधी दाराबाहेर पाय घालताना जमिनीकडे बघत. एका आजोबांनी विचारलं, रंगीत की पांढरी? सगळीकडे हसणं आणि चहा. मामा तेवढे हसत नव्हते. प्रत्येक चाक झालं की ते बोटाने मोजत, अजून किती उरली.

शेवटचा राहिला सयाजी. हा गडी पहाटेपासून सायकलवर पाव-बटर आणि खारीचे डबे लादून गल्लोगल्ली विकतो. मागच्या चाकावर माणसाच्या वजनाएवढा बोजा. दुपारी गाठलं तेव्हा तो रिकामे डबे उतरवत होता.

“माझी काय तक्रार न्हाय, मामा. चाललीय की गाडी,” सयाजी म्हणाला.

“आज चाललीय. उद्या डब्यासकट उलथशील. काढ चाक.”

मामांनी टायर उतरवला. ट्यूब बाजूला केली. ओल्या फडक्याने आतून तीनदा पुसून घेतलं, मग तळवा टायरातून पूर्ण फिरवला, एकदा सुलट, एकदा उलट. “झालं. साफ,” म्हणून ते नवी ट्यूब घ्यायला वळले.

तेवढ्यात मामींनी, कुणी सांगितलं नसताना, टायर मांडीवर ओढून घेतला. आत बोटं घातली आणि तोंडाने सयाजीकडे त्याच्या आईची चौकशी करत हळूहळू फिरवली. अर्ध्यावर बोट थांबलं.

“हितं काय तर हाय.”

“काय न्हाय. मी बघितलंय,” मामा म्हणाले.

मामींनी त्याच जागी नख लावलं, थोडं पुढेमागे केलं आणि एक तार ओढून काढली. मोटारीचे टायर फुटले की रस्त्यावर तारा पडतात ना, तसली. केसाएवढी बारीक, गव्हाच्या दाण्याएवढी लांब, टोक नुकतंच आतल्या बाजूला आलेलं. नवी ट्यूब संध्याकाळपर्यंतही टिकली नसती.

सयाजी हातातला डबा ठेवून तार बघायला वाकला. या दोन दिवसांत मला आशा वाटायला लागली होती की हात परत येईल, आपली परीक्षाच चुकली असेल, पाटावर धूळ असेल, काहीही असेल. आता ती आशा गेली. मामांच्या तळव्याखालून ती तार दोनदा सरकली होती आणि त्यांना कळली नव्हती, तीही आमच्या सगळ्यांसमोर. आता हा माणूस उठेल, पिशवी उचलेल आणि चालायला लागेल, असं मला वाटलं.

मामांनी ती तार घेतली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. “कशी कळली तुला?”

“तांदूळ निवडतीया की जलमभर,” मामी म्हणाल्या. “नेसरीचा तांदूळ येतोय घरात, खड्यासकट. एक तरी खडा लागलाय का तुमच्या दाताला?”

मामा आठवत राहिले. चाळीस वर्षांच्या जेवणात खडा लागल्याचं त्यांना आठवेना, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी ओला फडका तिच्या हातात दिला.

“पुढनं बघ. वालापासनं चालू कर. गडबड करायची न्हाय.”

“मला शिकवू नगा,” मामी म्हणाल्या.

मामींनी टायर पुरता एक फेरा तपासून दिला. मग मामांनी ट्यूबला थोडी हवा दिली, डब्यातलं शंखजिरं आधी मामींच्या चिमटीत देऊन खात्री करून घेतलं, व्हॉल्व भोकात सरळ उभा केला आणि समोरून सुरुवात करून अंगठ्यांनी टायर बसवला. अंगठ्यांत जोर पूर्वीएवढाच होता. सयाजीने दोघांपुढे खारीचा उरलेला पुडा ठेवला. “मामा, दुकान कधी उघडणार?” असं त्याने विचारलं.

“उद्या,” मामा म्हणाले. “हिला विचार. स्वयंपाक झाल्यावर.”

आता दुकानात दोन पाट आहेत. दुकान साडेदहाला उघडतं, कारण मामींचा स्वयंपाक तोवर होतो. गिऱ्हाइकाला वजन विचारणं, ट्यूब निवडणं, व्हॉल्व कोणत्या जातीचा ते ओळखून रिमच्या भोकाशी जुळवणं, बसवणं आणि एजंटला झापणं ही कामं मामांकडे. टायर आधी मामींच्या मांडीवर जातो. नवखा कोणी घाईला आला आणि म्हणाला, मावशी, जरा लवकर करा, तर मामी आणखी सावकाश बोटं फिरवतात. ही खोड त्यांनी कुठून घेतली ते सांगायला नको.

परवा मी गेले होते. माझा टायर मामींच्या हातात होता. शेजारी मामा अर्धवट हवा भरलेली ट्यूब दोन्ही हातांत धरून तयार बसले होते. मामींची बोटं फिरत होती, थांबत होती, परत फिरत होती. रस्त्यावरून कोणीतरी मामांना हाक मारली. मामांनी नुसता हात वर करून त्याला थांबवलं. मामींनी मान हलवेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.